मोबाईलमधला पिच्चर अन् पडद्यावरचा पिच्चर : टेप लावून मोजलं तं काय निघालं

तुरीच्या शेंगा भरल्या की आमच्याकडं रात्रीची जागल सुरू होते. रानडुकरं अन् रोही (नीलगायी) एका रात्रीत वावर लोळवून टाकतात, त्यामुळं कोणीतरी तिथं पाहिजेच. यंदा माझ्यासोबत भाचा होता, बहिणीचं गाव तिकडं झाडीपट्टीत, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडश्याजवळ, पोट्टा नागपूरला रूम करून शिकतो अन् सुट्टीत मामाकडं आलेला. मचाणीवर बसल्या बसल्या त्यानं मोबाईल काढला, आडवा धरला अन् पिच्चर लावला, एका कानात इअरफोन अन् दुसरा कान मोकळा, काहून की डुकराची चाहूल आली पाहिजे. मी म्हटलं, बापू, असा पिच्चर पाहण्यापेक्षा एखाद्या दिवशी थेटरात जाऊन पाहत जा ना.

"तिथं जाऊन काय वेगळं भेटते मामाजी? पिच्चर तोच, हिरो तोच, डायलॉग तेच."

"मोठ्या पडद्याची मजाच वेगळी असते."

"वेगळी म्हणजे कशी?"

इथं मी अडकलो. मजा वेगळी असते हे आपण सगळेच म्हणतो, पण वेगळी म्हणजे नेमकी कशी हे सांगता येईना. मग थोडं वाचलं, थोडं गवंड्याची टेप घेऊन मोजलं, अन् जे निघालं ते माझ्या अंदाजापेक्षा भलतंच होतं, म्हणून हे लिहून राहिलो.

पहिले सरळ मापाचं बोलू. भाच्याचा मोबाईल साडेसहा इंची. हे साडेसहा इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं माप, आडवा धरला तर रुंदी १५ सेंटिमीटर भरते. तो डोळ्यापासून दीड वीत, म्हणजे साधारण ३३ सेंटिमीटरवर धरतो. आता तालुक्याची टॉकीज घ्या, पडदा ३० फूट रुंद धरला अन् आपण मागं ६५ फुटावर बसलो. मोबाईलची रुंदी भागिले अंतर, १५ भागिले ३३, येते ०.४५. टॉकीजचे ३० भागिले ६५, येते ०.४६. म्हणजे हातातला मोबाईल अन् टॉकीजची मागची लाइन, दोन्ही डोळ्यात जवळजवळ सारखीच जागा घेतात! मी तीनदा हिशोब केला, मला वाटलं आपलंच चुकलं.

असं होतं काहून, तर डोळ्याला फूट अन् इंच कळत नाही, डोळ्याला कोन कळतो. एखादी वस्तू डोळ्यात किती पसरते ते तिच्या आकारावर अन् अंतरावर मिळून ठरतं. हात पुरा लांब करून मूठ धरली तर ती मूठ साधारण १० अंशाची भरते. मोबाईल वरच्यासारखा धरला तर पंचवीस-एक अंश, म्हणजे अडीच मुठी. ४० फुटी पडद्यासमोर ६० फुटावर बसलं तर ३७ अंश. एसएमपीटीई नावाची अमेरिकेतली सिनेमा-टीव्हीच्या इंजिनिअर लोकांची संस्था आहे, त्यांच्या हिशोबानं पडदा डोळ्यात निदान ३० अंश तरी भरला पाहिजे. म्हणजे मोबाईल त्या मापात थोडासाच कमी पडतो.

खरा मार खातो तो घरचा टीव्ही. ३२ इंची टीव्ही २८ इंच रुंद असतो अन् आपण पाहतो समोरच्या भिंतीला टेकून, १० फुटावरून. १२० इंचात २८ म्हणजे ०.२३. मोबाईलच्या अर्धा! विश्वास बसत नसेल तर आज रात्री टीव्हीसमोर नेहमीच्या जागेवर बसा, मोबाईल नेहमीच्या अंतरावर डोळ्यासमोर आडवा धरा अन् एक डोळा झाका, टीव्ही मोबाईलच्या मागं पुरा लपतो. आमच्या घरी हा खेळ झाला तेव्हा बायको म्हणे, मग तो टीव्ही घ्याले पैसे काहून घातले.

(हे सगळं मोबाईल आडवा धरला तर. उभा धरून पाहाल तर रुंदी उरते पावणेसात सेंटिमीटर, म्हणजे कोपऱ्यातल्या टीव्हीपेक्षाही बारीक. अन् चार पोट्टे एका मोबाईलवर डोकी घालून बसले की अंतर वाढतं, तिथं तर पार वाटोळं.)

मग आता प्रश्न असा की डोळ्यात जागा सारखी घेतो, तर मोबाईल लहान अन् टॉकीज मोठी काहून वाटते?

याचं उत्तर डोळ्यात नाही, मेंदूत आहे. जवळचं पाहायचं तर दोन्ही बुबुळं नाकाकडं वळतात अन् डोळ्यातलं भिंग फुगवायला आतल्या स्नायूला जोर लावावा लागतो. मेंदूला या दोन्ही गोष्टींची खबर असते. बुबुळं वळली, स्नायू ताणला, म्हणजे वस्तू दीड वीतावर आहे, अन् दीड वीतावर असून एवढीच दिसते म्हणजे ती लहानच आहे, असा मेंदू हिशोब लावतो. तेच टॉकीजमधी डोळे सरळ, स्नायू ढिला (वीस-एक फुटाच्या पुढं डोळ्याला जोर लावायचं काही काम नसतं), म्हणजे वस्तू लांब आहे, अन् लांब असून एवढी जागा भरून राहिली म्हणजे केवढी मोठी असंल! हिरोचं नुसतं तोंड तुमच्या घराएवढं आहे हे मेंदूला माहीत असतं, म्हणून तो दबतो.

आपल्याला हे रोज दिसतं, फक्त लक्ष नसतं. पुनवेचा चंद्र तुरीच्या शेंड्यावरून निघतो तेव्हा थाळीएवढा वाटतो, अन् मध्यरात्री डोक्यावर आला की भाकरीएवढा. चंद्र काही आटत नाही. हात लांब करून करंगळीचं नख समोर धरा, दोन्ही वेळेला तो नखामागं लपतो. खाली असला की मधात वावरं, झाडं, धुरे (वावराचे बांध) दिसतात, त्यामुळं मेंदूला तो लांब वाटतो अन् लांबचा म्हणून मोठा वाटतो. भाच्याला मचाणीवरच हे करून दाखवलं, तो एवढंच म्हणाला, "हाव ना बे!" (मामाला बे म्हणते पोट्टा. नागपूरचं पाणी लागलं.)

डोळ्याच्या थकव्याचं मूळही यातच आलं. टॉकीजमधी अडीच तास भिंगाचा स्नायू आराम करतो, मोबाईलवर अडीच तास तो वजन उचलून उभा असतो, वरून स्क्रीन टक लावून पाहताना आपण पापण्या कमी लवतो म्हणून डोळे चुरचुरतात. मधामधात लांब पाहिलं पाहिजे, बस.

आता उजेडाचं बोलू, कारण इथं भल्याभल्यांचा गैरसमज आहे. टॉकीजचा पडदा लय झगझगीत असतो असं आपल्याला वाटतं ना? उलट आहे. उजेड मोजायचं एक माप आहे निट. टॉकीजच्या पडद्याचं ठरलेलं प्रमाण ४८ निट, अन् साध्यातला साधा मोबाईल आजकाल ४००-५०० निट देतो. म्हणजे मोबाईल टॉकीजच्या पडद्यापेक्षा दहापट उजेडाचा. तरी टॉकीज झगझगीत वाटते कारण तिथं बाकी सगळा अंधार असतो अन् डोळा त्या अंधाराला सरावलेला असतो. उन्हातून टॉकीजमधी शिरलं की काहीच दिसत नाही, बॅटरीवाल्याच्या मागं चाचपडत जावं लागतं, अन् दहा-पंधरा मिनिटानं तेच थेटर मोकळं दिसायला लागतं. डोळ्याला अंधाराची पुरी सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात.

अन् ती सवय मोडायला एक क्षण पुरतो. जागलीत मोबाईल पाहण्याचा खरा तोटा हाच. पोट्टा म्हणे, एक कान मोकळा ठेवला ना मामाजी. अरे, कान मोकळा ठेवला पण डोळ्याचं काय? पाचशे निटचा दिवा तोंडासमोर धरून बसल्यावर मान वर करून धुऱ्याकडं पाहिलं तर डुक्कर काय, हत्ती उभा असला तरी दिसणार नाही. ब्राइटनेस पार खाली आणायला लावला तेव्हा कुठं जमलं, अन् गंमत म्हणजे पिच्चरही जास्त चांगला दिसायला लागला. अंधारात ब्राइटनेस कमीच पाहिजे, लोक उलटं करतात. दिवसा निंबाखाली बसून पाहायचं असंल तर मात्र काही उपाय नाही, काळ्या सीनमधी स्वतःचंच तोंड दिसते.

पडद्यावर काळा रंग कसा येतो हेही सांगतो, कारण ते मी स्वतः भोगलं आहे. मागच्या गणपतीत मीच मंडळात हट्ट केला की प्रोजेक्टर भाड्यानं आणू, गावाला पडद्यावर पिच्चर दाखवू. दोन पांढऱ्या चादरी जोडून शिवल्या, समाजमंदिरासमोर बांबूला ताणल्या. लोकं जमली, पिच्चर लावला अन् पाहतो तर सगळं राखाडी. हिरोचे केस राखाडी, रात्र राखाडी, काळी म्हैस पण राखाडी. प्रोजेक्टरवाल्याला फोनवर दोन शिव्या घातल्या, बिचाऱ्याची काही चूक नव्हती. भानगड अशी होती की चादरीच्या बरोबर बाजूला सोलरचा दिवा होता, अन् त्या दिव्याला बटन नसते, अंधार पडला की आपोआप लागते.

प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. काळा उजेड अशी काही वस्तूच नाही. प्रोजेक्टर फक्त उजेड फेकतो, अन् जिथं काळं पाहिजे तिथं काही फेकत नाही. मग तिथं जो रंग दिसतो तो कोणाचा, तर त्या चादरीचा स्वतःचा, खोलीत जेवढा उजेड असंल तेवढा. म्हणून टॉकीजमधी ठार अंधार लागतो, तो वातावरण वगैरे बनवायला नसतो, काळा रंग त्याच अंधारातून बनतो. आम्ही शेवटी लांब बांबूला कापसाचं रिकामं पोतं अडकवून त्या सोलरच्या दिव्यावर घातलं अन् एकदम पिच्चरमधली रात्र काळी झाली. गावात टाळ्या पडल्या, त्या पिच्चरला नाही, पोत्याला.

त्या रात्रीचं आणखी एक. जागा पुरेना म्हणून बायाबापड्या चादरीच्या मागच्या बाजूनं बसल्या. चादरीतून उजेड आरपार जातो त्यामुळं मागूनही दिसतं, पण उलटं, आरशासारखं. जुन्या काळी जत्रेच्या तंबूतही लोकं असे दोन्हीकडून बसत. आमची आजी मागं होती, पिच्चर संपल्यावर म्हणे, "सगळं चांगलं होतं गा, पण ह्या पिच्चरमधी सगळेच डाव्या हातानं काहून जेवते?"

टॉकीजमधी येणारा पिच्चर अन् मोबाईलमधी येणारा पिच्चर, ही वस्तू मुळात एकच आहे का? नाव एक, माल वेगळा. पूर्वी टॉकीजमधी फिल्मचे डबे यायचे, ३५ मिलिमीटर रुंदीची पट्टी, सेकंदाला २४ चित्रं. आता फाईल येते. त्या फाईलला सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत माल न्यायची मुभा असते. तेवढा भरून नेला तर अडीच तासाचा पिच्चर पावणेतीनशे जीबीच्या वर जातो. अन् भाच्यानं डाउनलोड केलेला तोच पिच्चर दीड जीबीत बसला. बाकीचा गेला कुठं?

आपण म्हणतो फाईल 'कॉम्प्रेस' केली, दाबली. जिनिंगमधी कापूस दाबून गाठ बांधतात, पण तिथं कापूस तेवढाच राहतो, गाठ फोडली की पुन्हा फुलतो. इथं तसं नाही, इथं बराच कापूस चक्क फेकून देतात. म्हणजे एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जे बदललं नाही ते पुन्हा पाठवत नाहीत, हे ठीक आहे, त्यात काही जात नाही. पण त्याच्या पुढं जाऊन, जिथं माणसाचं लक्ष जाणार नाही असं वाटतं तिथला बारीक तपशील काढून टाकतात. अंधारी भिंत, धुकं, धूर, पाऊस, रात्रीचं आभाळ. म्हणून मोबाईलवर दिवसाचा सीन छान दिसतो अन् रात्रीच्या सीनमधी आभाळात पट्टे पडतात, चौकटी चौकटी दिसतात. मोबाईलमधी ठिपके (पिक्सेल) कमी असतात म्हणून असं होतं, हा गैरसमज आहे. टॉकीजच्या साध्या डिजिटल पडद्यावर आडवे २०४८ अन् उभे १०८० ठिपके असतात, अन् भाच्याच्या मोबाईलला २४०० बाय १०८०. ठिपके भरपूर आहेत, त्या ठिपक्यात भरायला मालच कमी येतो. त्यात वावरात नेटवर्कची एकच काडी असली की ॲप गुपचूप आणखी हलका माल पाठवतं अन् आपण म्हणतो पिच्चरच भंगार शूट केला.

चित्राच्या आकारात मात्र मोबाईल जिंकतो, हे मान्य केलं पाहिजे. मोठमोठे पिच्चर लांबट पडद्यासाठी बनतात, रुंदी उंचीच्या जवळपास २.३९ पट. टीव्ही असतो १.७८ पट. म्हणून टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात अन् पाव टीव्ही वाया जातो. जुन्या डब्ब्या टीव्हीवर तर अर्ध्याला थोडीच कमी जागा वाया जायची, म्हणून तेव्हा बाजू कापूनच दाखवत, बोलणारा दिसायचा अन् ऐकणारा भिंतीपलीकडं. आजचा लांबट मोबाईल २.२२ पट असतो, त्यात लांबट पिच्चर जवळपास पुरा बसतो. फक्त दोन बोटांनी ताणू नका. साध्या टीव्हीच्या आकाराचं काही ताणून मोबाईलभर केलं की उंचीतला पाचवा हिस्सा कटतो, कोणाचं डोकं जाते, कोणाचे पाय. अन् रीलमधी उभ्या चौकटीत भरलेला पिच्चरचा तुकडा पाहता ना, त्यात मूळ चित्राचा पाव हिस्सासुद्धा उरत नाही. ते पाहून पिच्चर कसा आहे हे ठरवणं म्हणजे शेपूट पाहून बैलाचा सौदा करणं.

आता आवाज. माझ्या मते चित्रापेक्षा जास्त फरक इथं आहे, अन् याच्याबद्दल कोणी बोलत नाही.

लग्नात डफडं वाजतं तेव्हा ते नुसतं कानाला ऐकू येत नाही, छातीत वाजतं. कारण जाड आवाज म्हणजे हवेला दिलेला मोठा धक्का, अन् मोठा धक्का द्यायला मोठं कातडं लागतं, करंगळीच्या नखाएवढ्या कातड्यानं ते होत नाही. ४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४० वेळा थरथरणाऱ्या, घुमणाऱ्या आवाजाची एक लाट २८ फूट लांब असते. मोबाईलचा स्पीकर नखाएवढा, तो एवढी हवा हलवणार कशी? तो साधारण दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचा आवाज जवळजवळ देतच नाही. तरी आपल्याला ढोल ऐकू आल्यासारखं वाटतं, ती मेंदूची करामत. ढोलाच्या जाड आवाजासोबत त्याच्या पटीतले बारीक आवाजही निघतात, ते बारीक आवाज ऐकून मेंदू खालचा जाड आवाज मनानंच भरून घेतो. पण मेंदू आवाज भरून देईल, छातीतला धक्का कुठून देणार? भूकंप, रेल्वे, वाघाची गुरगुर, ढगाचा गडगडाट, या सगळ्या गोष्टी अंगावर यायच्या असतात अन् मोबाईलवर त्या फक्त समजतात.

टॉकीजच्या पडद्याला बारीक बारीक भोकं असतात हे किती जणांना माहीत आहे? पडद्याच्या मागं स्पीकर असतात, डावा, मधला अन् उजवा, अन् आवाज त्या भोकातून येतो म्हणून हिरो बोलला की आवाज त्याच्या तोंडातून आल्यासारखा वाटतो. संवाद मधल्या स्पीकरला, आजूबाजूचा आवाज बाजूच्या अन् मागच्या भिंतीला, घुमणारा आवाज वेगळ्या स्पीकरला. आता हे सगळं मोबाईलच्या दोन स्पीकरमधी कोंबलं की काय होणार? संवाद बाकी आवाजात बुडतात. आपण आवाज वाढवतो, तेवढ्यात मारामारी सुरू होते अन् घरातलं लहान लेकरू दचकून उठतं. मग कमी करा. मग पुन्हा संवाद ऐकू येत नाही. घरोघरी रिमोटची ही कुस्ती चालते ती यामुळंच. साधा दीडशे-दोनशेचा इअरफोन कानात नीट बसवला तर यातलं अर्धं दुखणं जातं, कारण कानाचं भोक बंद झालं की थोडीशी हवा हलवूनही जाड आवाज तयार होतो. अन् भाच्यासारखं एकाच कानात घालून पाहत असाल तर मोबाईलच्या सेटिंगमधी ॲक्सेसिबिलिटीत जाऊन मोनो ऑडिओ (दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र) चालू करा, नाहीतर पिच्चरचा एका बाजूचा आवाज तुम्ही कधी ऐकतच नाही. त्याला हे सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला, दोन वर्षांपासून असंच पाहून राहिला होता.

आता थोडं मागं जाऊ. एकट्यानं लहान खिडकीत पिच्चर पाहायचा हा प्रकार काही मोबाईलनं काढला नाही. सिनेमाची सुरुवातच तशी झाली. एडिसनच्या कारखान्यात एक लाकडी पेटी बनली होती, किनेटोस्कोप. वाकून वरच्या भोकाला डोळे लावायचे अन् आत मिनिटभराच्या आतलं हलतं चित्र पाहायचं, एका वेळी एक माणूस. एप्रिल १८९४ मधी न्यूयॉर्कात अशा पेट्यांचं दुकानच उघडलं. लोकांनी रांगा लावल्या. पण वीस महिन्यानं, २८ डिसेंबर १८९५ ला, पॅरिसमधी ल्युमिएर बंधूंनी तेच हलतं चित्र भिंतीवर पाडलं, सगळ्यांनी मिळून एकदम पाहिलं, अन् पेटीचा धंदा बसला. ७ जुलै १८९६ ला ते मुंबईत वॉटसन हॉटेलात पोहोचलं, अन् १९१३ मधी दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. म्हणजे लोकांसमोर दोन्ही रस्ते होते, पेटी अन् पडदा, अन् लोकांनी पडदा निवडला. सव्वाशे वर्षांनी आपण पुन्हा पेटीला डोळे लावून बसलो, आता फक्त पेटी खिशात मावते.

लोकांनी पडदा काहून निवडला असंल? मला वाटतं त्याचं एक कारण शेजारचा माणूस. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं हसण्याचाच अभ्यास केला होता, त्याला असं दिसलं की टीव्ही वगैरे काही समोर नसताना माणूस एकटा असला की जेवढा हसतो त्याच्या तीसपट चारचौघात हसतो. तीसपट! पिच्चर पाहतानाही काहीसं तसंच, तोच जोक, तोच नट, पण मचाणीवर एकट्यानं पाहिला तर नाकातून फुस्स, अन् टॉकीजमधी पोट धरून. आपल्या हसण्यात शेजारच्याचा वाटा असतो. भीतीचं अन् रडण्याचंही थोडंफार तसंच.

भाच्याला हे पटेना, तेव्हा मी त्याला त्याच्याच गावाची गोष्ट विचारली. दिवाळी झाली, धान घरात आलं की झाडीपट्टीत नाटकं सुरू होतात, रात्री दहा-अकराला पडदा उघडतो अन् उजाडेपर्यंत चालतं, लोक थंडीत चादरी गुंडाळून जमिनीवर बसतात. त्या प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असतो ना? मग तिकीट काढून काकडत काहून बसतात?

"ते वेगळं हाये मामाजी. तिथं सगळे असते."

"मग मी काय सांगून रायलो?"

दुसरं कारण थांबवता येत नाही हे. मोबाईलवर आपला अंगठा मालक असतो. जरा सीन लांबला की दहा सेकंद पुढं, फोन आला की बंद, आईनं हाक मारली की बंद. टॉकीजमधी तुम्ही दुसऱ्याच्या वेळेत बसलेले असता. डायरेक्टरनं एखाद्या बाईला नुसतं चुलीसमोर बसवून अर्धा मिनिट शांतता ठेवली असंल तर ती अर्धा मिनिट तुम्हाला सोसावीच लागते, अन् त्या सोसण्यातूनच पुढच्या डायलॉगला वजन येतं. मोबाईलवर ती शांतता आपण पुढं ढकलतो अन् मग म्हणतो डायलॉगमधी काही दम नाही.

पण म्हणून मोबाईलला शिव्या घालायच्या का? मी तर घालणार नाही. आमच्या तालुक्याच्या टॉकीजचं मंगल कार्यालय झालं, आता पिच्चर पाहायचा तर चौघांचं तिकीट, पेट्रोल अन् खाणं मिळून हजार-बाराशेला चाट, अन् दिवस मोडतो तो वेगळा. २०१६ नंतर डाटा स्वस्त झाला नसता तर गावातल्या अर्ध्या बायांना नवा पिच्चर दिसलाच नसता, ज्यांना टॉकीजमधी एकटं जायची सोय कधीच नव्हती. आईला कमी ऐकू येतं, ती मोबाईलवर मागं घेऊन घेऊन पाहते, टॉकीजमधी कोण मागं घेणार? अन् दोन माणसं खोलीत बसून बोलतात असे पिच्चर मोबाईलवर काही वाईट दिसत नाहीत, काही तर जवळून पाहिल्यानं जास्त लागतात. ज्यात माळरान आहे, रात्र आहे, पाऊस आहे, गर्दी आहे, तो पिच्चर मात्र मी टॉकीजसाठी ठेवतो, वर्षातून दोन पाहीन पण तिथं पाहीन. विदर्भ ज्या फिल्म सर्किटमधी (पिच्चर वाटपाच्या विभागात) येतो त्याला धंद्यातले लोक आजही सीपी-बेरार, म्हणजे इंग्रजांच्या काळचा मध्य प्रांत अन् वऱ्हाड, म्हणतात, तो प्रांत जाऊन जमाना झाला पण नाव सुटलं नाही, टॉकीजची सवय माझीही तशीच समजा.

अन् नवीन टीव्ही घेतला असंल तर एक काम नक्की करा, सेटिंगमधी मोशन स्मूदिंग किंवा तसल्याच नावाचं जे काही असतं ते बंद करून टाका. पिच्चर सेकंदाला २४ चित्रांचा असतो, टीव्ही मधात स्वतःच्या मनानं चित्रं घुसवतो अन् चांगल्या पिच्चरची सिरीयल होऊन जाते.

त्या रात्री हे सगळं बोलणं चालू असताना दोनच्या सुमारास धुऱ्याकडून खसखस आली. पोट्ट्यानं पिच्चर थांबवला, मोबाईल खिशात टाकला, डबा बडवत दोघं उतरलो, तीन डुकरं होती, पऱ्हाटीतून नाल्याकडं पळाली. परत येऊन बसलो तर त्याला झोप लागली. परवा फोनवर विचारलं, बापू, तो पिच्चर झाला का पाहून?

"नाही ना मामाजी. एक तास बारा मिनिटावरच अटकला हाये अजून."